बायोप्सीत 'सर्टोली सेल ओन्ली' आलंय, म्हणजे सगळं संपलं का?

पत्र:

मॅडम नमस्कार, नाव-गाव छापू नका. माझं वय 32, बायकोचं 28, लग्नाला 4 वर्षं झाली. पहिली 2 वर्षं सगळ्या तपासण्या तिच्याच झाल्या, तिचं सगळं नॉर्मल आहे. मग माझं वीर्य तपासलं, दोनदा, दोन्ही वेळा शुक्राणू निल. सोनोग्राफीत वृषणं थोडी लहान आहेत, 9 आणि 10 एमएल. एफएसएच 19, टेस्टोस्टेरॉन नॉर्मल. मार्चमध्ये उजव्या बाजूची बायोप्सी केली, रिपोर्टवर लिहिलंय: 'बहुतांश नलिकांमध्ये सर्टोली सेल ओन्ली पॅटर्न, क्वचित नलिकांमध्ये मॅच्युरेशन अरेस्ट, लेडिग पेशी नॉर्मल, जॉन्सन स्कोअर 2 ते 4'. डॉक्टर दोन मिनिटांत म्हणाले डोनर घ्या नाहीतर मूल दत्तक घ्या. शाळा-कॉलेजात हस्तमैथुनाची सवय होती, त्याने झालं का? संबंध नीट होतात, वीर्य पण येतं, मग शुक्राणू का नाहीत? जिममधला मित्र म्हणतो टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घे, एक वैद्य 45 हजारांत 3 महिन्यांचा कोर्स देतोय. आई अजून बायकोलाच बोलते आणि मी गप्प बसतो. मी पुरुष म्हणून संपलोय का?

उत्तर:

हस्तमैथुनाचं आधी सांगून टाकते, कारण ते ओझं तुम्ही विनाकारण वाहताय. त्याने शुक्राणू संपत नाहीत, वृषण लहान होत नाही, काहीही होत नाही. निरोगी वृषणात रोज कोट्यवधी नवीन शुक्राणू तयार होतात, अगदी म्हातारपणापर्यंत, तो काही साठवून ठेवलेला माल नाही की तरुणपणी जास्त वापरला आणि आता संपला. रक्ताच्या इतक्या थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो वगैरे जे आपल्याकडे मुलांना ऐकवलं जातं त्यातलं काहीही मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, आणि मी रोज मायक्रोस्कोपखाली स्लाइड बघणारी बाई आहे म्हणून हे ठामपणे सांगतेय.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. त्याचं उत्तर तुमच्याच रिपोर्टमध्ये लिहिलंय, फक्त ते कोणी वाचून दाखवलेलं नाही. वृषणाचा पातळ काप करून रंगवला की त्यात दोन वेगळे भाग दिसतात. एक म्हणजे गोल-गोल कापल्या गेलेल्या बारीक नळ्या, त्यांना शुक्रजनक नलिका म्हणतात, आणि दुसरा म्हणजे त्या नळ्यांच्या मधली जागा. शुक्राणू तयार होतात फक्त नळ्यांच्या आत. टेस्टोस्टेरॉन तयार होतं नळ्यांच्या बाहेर, मधल्या जागेत, तिथे गुलाबी रंगाच्या भरीव पेशींचे छोटे छोटे पुंजके असतात, त्या लेडिग पेशी. फ्रान्झ लेडिग या जर्मन शास्त्रज्ञाने 1850 मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांचं नाव. दाढी-मिशा, आवाज, स्नायू, कामेच्छा, ताठरता येणं, हे सगळं मुख्यतः त्या पेशींच्या हार्मोनवर चालतं. तुमच्या रिपोर्टमध्ये काय लिहिलंय? लेडिग पेशी नॉर्मल. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन नॉर्मल. म्हणजे पुरुष म्हणून तुमच्या शरीरात जे चालू असायला हवं ते चालू आहे, अडचण नळ्यांच्या आतल्या कामात आहे. या दोन गोष्टी एकाच अवयवात शेजारी-शेजारी राहतात म्हणून लोक त्यांची सरमिसळ करतात, पण एक बंद पडलं म्हणून दुसरं बंद पडत नाही आणि तुमच्या बाबतीत तर पडलेलं नाहीच, हे कागदावर आहे.

वीर्य येतं मग शुक्राणू का नाहीत, हे पण त्यातच आलं. वीर्याच्या एकूण द्रवात वृषणाकडून येणारा वाटा जेमतेम 2 ते 5 टक्के असतो, बाकी सगळं शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथींतून येतं. त्यातला मोठा हिस्सा, दोन तृतीयांशाच्या आसपास, एकट्या शुक्राशयाचा. त्यामुळे शुक्राणू शून्य असले तरी प्रमाण, रंग, दाटपणा सगळं नेहमीसारखंच दिसू शकतं, डोळ्यांनी बघून कोणालाच काही कळणार नाही. नसबंदी केलेल्या माणसाचं वीर्य पण तसंच दिसतं.

बरं, आता त्या नळ्यांच्या आत जाऊ, कारण तुमचा सगळा निर्णय तिथल्या चित्रावर अवलंबून आहे आणि तुम्हाला ते कोणी समजावलेलं नाही याचं मला खरंच वाईट वाटलं.

वृषण म्हणजे एका जाड पांढऱ्या आवरणात भरलेली शेकडो नलिकांची वेटोळी. आतल्या पडद्यांमुळे त्याचे साधारण 250 कप्पे होतात, प्रत्येक कप्प्यात 1 ते 4 नलिका, एकेक नलिका सरळ केली तर 30 ते 70 सेंटिमीटर भरते आणि जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी. सगळ्या जोडल्या तर काहीशे मीटर होतील. नॉर्मल नलिकेचा आडवा छेद बघितला तर बाहेरच्या भिंतीला चिकटून मूळ पेशी बसलेल्या असतात, स्पर्मेटोगोनिया, त्यांच्या आतल्या बाजूला मोठ्या केंद्रकाच्या, आत दोऱ्यांसारखी गुणसूत्रं दिसणाऱ्या स्पर्मेटोसाइट, अजून आत छोट्या गोल स्पर्मेटिड, मग लांबट होत गेलेल्या स्पर्मेटिड आणि अगदी मध्यभागी पोकळीत शेपट्या आलेले शुक्राणू. म्हणजे बाहेरून आत येता येता पेशी तयार होत जाते, गुणसूत्रं 46 ची 23 होतात, आणि या सगळ्या प्रवासाला साधारण 74 दिवस लागतात. नंतर वृषणाच्या मागे चिकटलेल्या एपिडिडायमिसमध्ये, जी उलगडली तर 6 मीटरपर्यंत भरणारी एकच नळी असते, शुक्राणू आणखी काही दिवस ते दोन आठवडे मुरतात, तिथे त्यांना पोहण्याची ताकद येते. म्हणून कुठल्याही औषधाचा किंवा मोठ्या तापाचा परिणाम वीर्याच्या तपासणीत साधारण 3 महिन्यांनी दिसतो, 15 दिवसांत नाही.

आणि या सगळ्या पेशींच्या मधे, भिंतीपासून पोकळीपर्यंत उंच उभ्या असतात सर्टोली पेशी. इटलीत पावियाला शिकणाऱ्या एनरिको सर्टोलीने 1865 मध्ये त्या दाखवल्या, तेव्हा तो अवघा 23 वर्षांचा होता. फिकट, वेडंवाकडं केंद्रक आणि त्यात एक ठळक टिंब, एकदा बघितलं की लगेच ओळखू येतात. वाढणाऱ्या पेशींना धरून ठेवणं, पोसणं, उरलेला कचरा गिळून टाकणं ही कामं त्यांची. शिवाय त्या एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातल्या बऱ्याच गोष्टींना आत जाताच येत नाही. शुक्राणू तयार व्हायला लागतात वयात आल्यावर, शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना आपलं समजत नाही, म्हणून हा आडोसा लागतोच. मला स्वतःला मायक्रोस्कोपखाली दिसणाऱ्या सगळ्या पेशींमध्ये या पेशींबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो.

'सर्टोली सेल ओन्ली' म्हणजे एवढंच, की त्या नलिकेत सांभाळणाऱ्या पेशी आहेत पण ज्यांना सांभाळायचं त्या मूळ पेशी नाहीत. 'मॅच्युरेशन अरेस्ट' म्हणजे मूळ पेशी आहेत, वाढायला सुरुवात झाली, पण मधल्याच पायरीवर थांबली. जॉन्सन स्कोअर ही 1970 पासूनची 1 ते 10 ची मोजपट्टी आहे, 10 म्हणजे सगळं नीट चाललंय, 2 म्हणजे फक्त सर्टोली पेशी, 3 म्हणजे मूळ पेशींपर्यंत, 4 म्हणजे थोड्याफार स्पर्मेटोसाइटपर्यंत गाडी आली. म्हणजे तुमच्या तुकड्यात बहुतांश नलिका रिकाम्या आहेत आणि थोड्या अर्ध्या वाटेवर आहेत. एफएसएच म्हणजे वृषणाला शुक्राणू बनवायला सांगणारं हार्मोन, ते 19 इतकं वाढलेलं येतं तेही त्यामुळेच, आतली कामं कमी झाली की सर्टोली पेशींकडून मेंदूखालच्या ग्रंथीला जाणारा इन्हिबिन या हार्मोनचा निरोप कमी होतो आणि ती ग्रंथी एफएसएच वाढवत राहते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि भाताला ते लागू पडतं कारण भांड्यातला सगळा भात एकाच आचेवर सारखा शिजतो. वृषणाचं तसं नाही. माणसाच्या वृषणात एका नलिकेत एक चित्र आणि शेजारच्या नलिकेत दुसरं, इतकंच काय एकाच नलिकेच्या एका छेदात वेगवेगळ्या पायऱ्यांचे तुकडे शेजारी-शेजारी दिसतात, उंदरासारखं सगळं एका ओळीत नसतं. तुमचा बायोप्सीचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा, त्यात दिसल्या असतील काही डझन नलिका, त्याही फक्त उजव्या बाजूच्या. शिवाय त्या तुकड्यातही सगळ्या नलिका सारख्या नाहीत, 'बहुतांश' आणि 'क्वचित' असे दोन शब्द रिपोर्टमध्ये आहेत ते उगाच नाहीत. मला त्यातला 'क्वचित' महत्त्वाचा वाटतो. जिथे काही नलिकांत मूळ पेशी टिकून आहेत तिथे दुसऱ्या कुठल्यातरी कोपऱ्यात एखादी नलिका पूर्ण शुक्राणूपर्यंत पोचलेली असू शकते. असू शकते म्हणतेय, असेलच असं म्हणत नाहीये, हा फरक कृपा करून लक्षात ठेवा.

तो कोपरा शोधायला जी शस्त्रक्रिया करतात तिला मायक्रो-टेसे म्हणतात. न्यूयॉर्कच्या पीटर श्लेगल यांनी 1990 च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत मांडली. वृषण उघडून ऑपरेशनच्या मायक्रोस्कोपखाली नलिका बघतात, ज्या रिकाम्या त्या बारीक आणि पारदर्शक दिसतात, ज्यांच्यात काम चालू आहे त्या जरा जाड आणि पांढरट-अपारदर्शक दिसतात, नेमक्या तेवढ्याच उचलायच्या आणि शेजारी बसलेल्या एम्ब्रियॉलॉजिस्टने, म्हणजे लॅबमध्ये शुक्राणू आणि गर्भ हाताळणाऱ्या तज्ज्ञाने, लगेच त्यात शुक्राणू शोधायचे. सगळ्या प्रकारचे पेशंट धरले तर साधारण निम्म्यांच्या आसपास किंवा थोड्या कमी लोकांमध्ये शुक्राणू मिळतात, पण तुमच्यासारखं चित्र असेल तर शक्यता त्याहून कमी धरायची. मिळाले तर इक्सी, म्हणजे एका स्त्रीबीजात एकच शुक्राणू सुईने सोडायचा, 1992 पासून हे तंत्र आहे आणि म्हणूनच मोजके शुक्राणू मिळाले तरी पुरतात. त्यानंतरही गर्भ राहील याची खात्री नसते, हे पण आत्ताच सांगून ठेवते.

पण लगेच ऑपरेशनची तारीख घेऊ नका. तुमच्या पत्रात दोन रक्ततपासण्यांचा उल्लेखच नाही आणि त्या आधी व्हायलाच हव्यात, कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची मोजणी, आणि वाय क्रोमोसोम मायक्रोडिलिशन. रक्ताचं सॅम्पल जिल्ह्याच्या ठिकाणी देऊन पुण्या-मुंबईच्या लॅबला पाठवता येतं. पहिल्यात क्लाइनफेल्टर, म्हणजे एक जास्तीचं एक्स गुणसूत्र, आहे का ते कळतं, आणि त्यातही अनेकांना मायक्रो-टेसेने शुक्राणू मिळालेत म्हणून तसं आलं तर हबकून जाऊ नका. दुसऱ्यात वाय गुणसूत्राचा एखादा तुकडा गळालाय का ते बघतात. त्यावरचा एझेडएफ-ए किंवा एझेडएफ-बी हा भाग पूर्ण गेलेला असेल तर शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते, मग पोट मारून पैसे गोळा करून ऑपरेशन करूच नका, मी असं स्पष्ट सांगेन. एझेडएफ-सी गेलेला असेल तर आशा बरी असते, मात्र मुलगा झाला तर त्याच्यातही तोच दोष उतरणार, हे दोघांनी आधी बोलून घ्यायला हवं. या दोन रिपोर्टशिवाय 'डोनर घ्या' म्हणणं मला घाईचं वाटतं आणि 'ऑपरेशन करू' म्हणणं पण घाईचंच वाटेल.

दुसरं म्हणजे लॅबमधून तुमच्या स्लाइड आणि तुकडा ज्यात बसवलाय तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या, लेखी अर्ज करा, दुसरं मत घ्यायचंय म्हणून सांगा. त्या पुरुष वंध्यत्वाच्या बायोप्सी नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. त्यांना तीन गोष्टी विचारा. तुकडा कशात ठेवून पाठवला होता, कारण वृषणाचा तुकडा साध्या फॉर्मेलिनमध्ये टाकला की नलिका आक्रसतात आणि केंद्रकांचा बारकावा पुसट होतो, त्यासाठी बुआँ नावाचं पिवळं द्रावण चांगलं. किती नलिका मोजल्या आणि त्यातल्या किती अर्ध्या वाटेवरच्या होत्या. आणि तिसरं, भिंतीला लागून संशयास्पद, कॅन्सरच्या आधीच्या पेशी नाहीत ना. घाबरवायला म्हणत नाही, पण शुक्राणू न बनणाऱ्या वृषणात हा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी दोन्ही बाजू हाताने चाचपून बघायची सवय लावा, टणक गाठ लागली तर लगेच दाखवा.

वीर्याची तपासणीही पुन्हा एकदा करा, आणि या वेळी सॅम्पल सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून, खाली बसलेला गाळ नीट शोधून बघणाऱ्या लॅबमध्ये. कधीकधी त्या गाळात दोन-चार शुक्राणू सापडतात आणि मग ऑपरेशनची गरजच पडत नाही. तुमच्या दोन्ही रिपोर्टवर तसं केल्याचं लिहिलंय का ते बघा. लहानपणी वृषण खाली उतरलेलं नव्हतं का, गालगुंड होऊन खाली सूज आली होती का, केमोथेरपी वगैरे काही, हे आईला विचारून यूरॉलॉजिस्टला सांगा.

टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं अजिबात घ्यायची नाहीत, हे मी कितीही जोरात सांगितलं तरी कमीच. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूखालची ग्रंथी समजते की भरपूर आहे आणि वृषणाला काम सांगायचं थांबवते. मग लेडिग पेशी गप्प बसतात, नलिकांच्या आत जे टेस्टोस्टेरॉन रक्ताच्या कितीतरी पट जास्त लागतं ते घसरतं, आणि जी एखाद-दुसरी नलिका चालू असेल ती पण बंद पडते. हे इतकं खात्रीने होतं की 1990 च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने हीच इंजेक्शनं पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासून बघितली होती. जिममध्ये तगड्या दिसणाऱ्या कितीतरी मुलांचे शुक्राणू निल येतात ते याच्यामुळेच, मित्रालाही सांगा. आणि 45 हजारांचा कोर्स, तर ज्या नलिकेत मूळ पेशीच नाही तिथे कुठल्याही पुडीने ती उगवत नाही, तो पैसा रक्ततपासण्यांना ठेवा.

आईचं लिहिलंत त्यावर मात्र मी तुमच्यावर जरा रागावणार आहे. 4 वर्षं, त्यातली 2 तपासण्यांची, त्या मुलीने सुया टोचून घेतल्या, सगळं नॉर्मल निघालं, आणि आता कारण कुठे आहे हे तुम्हाला लेखी माहीत असताना बोलणी तीच खातेय. आईला सगळा रिपोर्ट वाचून दाखवायची गरज नाही, 'अडचण माझ्यात आहे, तिला यापुढे एक शब्द बोलायचा नाही' एवढं पुरे, पण ते तुमच्याच तोंडून यायला हवं, या आठवड्यात. आणि तिला विचारा, तिला हे ऑपरेशन, बीज काढायची इंजेक्शनं, हे सगळं हवंय का, कारण इक्सीत शरीर तिचंही झिजणार. काही सेंटर आधी तुमचं ऑपरेशन करतात, शुक्राणू मिळाले तर गोठवून ठेवतात आणि मगच तिची इंजेक्शनं सुरू करतात, म्हणजे काहीच मिळालं नाही तर तिला उगाच त्रास नको. असं करता येईल का विचारा. डोनर किंवा दत्तक हे वाईट रस्ते नाहीतच, डोनरचे शुक्राणू 2021 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या बँकेतूनच आणि दोघांच्या लेखी संमतीने, दत्तक 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या पोर्टलवरून, पण ते दोघांनी मनापासून निवडलेले असावेत, ओपीडीच्या दारात दोन मिनिटांत हातात कोंबलेले नसावेत.

बायोप्सी मार्चमध्ये झालीय. वृषणावर पुन्हा हात लावायला साधारण 6 महिने तरी जाऊ द्यावेत, आतली सूज आणि साकळलेलं रक्त जिरायला तेवढा वेळ लागतो. म्हणजे सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. तोवर दोन रक्ततपासण्या, स्लाइडचं दुसरं मत आणि गाळाची तपासणी उरकून घ्या, आणि सेंटर निवडताना विचारा की ऑपरेशन थिएटरमध्ये मायक्रोस्कोप स्वतःचा आहे का, एम्ब्रियॉलॉजिस्ट ऑपरेशन चालू असताना तिथे हजर असतो का, आणि शुक्राणू गोठवायची सोय त्याच ठिकाणी आहे का. स्लाइड हातात आल्या की त्यांच्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी जुळवून बघा आणि मगच पुढे पाठवा.